स्टीमओएसचे दोन जन्म : टीव्हीखालच्या डब्याचं प्रकरण, लातूरच्या काउंटरवरून

२३ सप्टेंबर २०१३ला व्हॉल्व्ह या अमेरिकन गेम कंपनीनं जाहीर केलं, की आम्ही स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम आणतोय. नाव स्टीमओएस, किंमत शून्य, आणि जागा टेबलावरच्या कॉम्प्युटरची नव्हे तर हॉलमधल्या टीव्हीखालची. दोन दिवसांनी या सिस्टिमवर चालणाऱ्या डब्यांची, म्हणजे स्टीम मशीनची घोषणा झाली. आणखी दोन दिवसांनी कंट्रोलरची. डबे प्रत्यक्ष बाजारात आले नोव्हेंबर २०१५मध्ये, आणि एप्रिल २०१८मध्ये कंपनीनं आपल्याच स्टीम या ऑनलाइन गेम-स्टोअरच्या मेनूतून त्यांचं नाव काढून टाकलं. मग २०२२ला तीच सिस्टिम, नाव सोडून जवळपास सगळं बदलून, स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रातून परत आली आणि या वेळी टिकली. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॉल्व्हनं पुन्हा टीव्हीखालचा डबा जाहीर केला.

पहिल्यांदा बुडालं आणि दुसऱ्यांदा तरलं, ते का? नेहमीचं उत्तर असं की लिनक्सवर, म्हणजे स्टीमओएस ज्या फुकट, खुल्या सिस्टिमवर बेतलीय तिच्यावर, गेम नव्हते, नंतर आले. उत्तर चुकीचं नाही, पण गेम का नव्हते आणि नंतर कसे आले, हे त्यात येत नाही. लातूरला गंजगोलाईजवळ असेंब्लीचं, म्हणजे सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर बनवायचं, दुकान चालवणारे माझे एक स्नेही हाच प्रश्न धंद्याच्या भाषेत विचारतात: "गेम चालंना म्हणून गिऱ्हाईक फोन कुणाला लावणार?" २०१५ला याला उत्तर नव्हतं, २०२२ला होतं. माझ्या मते प्रकरणाचा गाभा तेवढाच आहे. खाली ते मी दोन्हीकडून मांडतोय, व्हॉल्व्हच्या बाजूनं आणि मराठवाड्यातल्या एका हॉलच्या बाजूनंही.

भाड्याच्या जागेतलं दुकान

मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ला व्हॉल्व्ह काढली. १९९८चा हाफ-लाइफ हा तिचा पहिला गेम. २००३ला स्टीम सुरू झालं तेव्हा ते आपल्याच गेमचे अपडेट पोचवायचं साधन होतं आणि गेमरांच्या भरपूर शिव्या खात होतं. पुढं त्यावर इतरांचे गेम विकायला लागले, विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा व्हॉल्व्हला मिळू लागला, आणि ऑक्टोबर २०१३पर्यंत स्टीमवर साडेसहा कोटी खाती झाली. गेम बनवणारी कंपनी तोवर मुख्यतः दुकानदार झाली होती.

पण दुकान भाड्याच्या जागेत होतं आणि जागा होती विंडोजची. ऑक्टोबर २०१२ला विंडोज ८ आलं ते स्वतःचं ॲप स्टोअर घेऊन. म्हणजे जागामालकानं त्याच इमारतीत, दर्शनी बाजूला, आपलं दुकान थाटलं. न्यूवेल यांनी त्याआधीच, जुलै २०१२मध्ये, सिॲटलच्या एका परिषदेत विंडोज ८ ही पीसीच्या धंद्यातल्या सगळ्यांसाठी आपत्ती आहे असं उघड म्हटलं होतं. उद्या मायक्रोसॉफ्टनं ठरवलं की सॉफ्टवेअर घालायचं तर आमच्याच स्टोअरमधून, तर स्टीमचं काय, ही धास्ती होती. तसं काही झालं नाही. पण स्टीमओएसचा जन्म या धास्तीतून झालाय, कुणा गिऱ्हाइकानं मागितलं म्हणून नाही, हे विसरलं की पुढचं काहीच नीट कळत नाही.

तांत्रिक आत्मविश्वास वाटायला मात्र कारण होतं. २०१२मध्ये व्हॉल्व्हच्या लिनक्स गटानं लेफ्ट फॉर डेड २ लिनक्सवर आणला. सुरुवातीला तो सेकंदाला ६ फ्रेमवर, म्हणजे पडद्यावरच्या सहा चित्रांवर, रखडत होता. घासूनपुसून तो ३१५वर नेला, आणि त्याच मशीनवर विंडोज ७चा आकडा होता २७०.६. हा आकडा तेव्हा फार मिरवला गेला. त्यातली गोम अशी, की गेम स्वतःचा होता, कोड हाताशी होता आणि ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्यांचे इंजिनियर मदतीला होते. दुसऱ्या एखाद्या कंपनीनं मूठभर लिनक्सवाल्यांसाठी एवढा वेळ का घालावा, हे ३१५ या आकड्यात कुठं लिहिलेलं नव्हतं.

डझनभर कंपन्या, एकही जबाबदार नाही

डिसेंबर २०१३मध्ये ३०० नमुना डबे निवडक गेमरांकडे गेले आणि लिनक्सच्या डेबियन या प्रकारावर बेतलेली स्टीमओएस चाचणीसाठी खुली झाली. जानेवारी २०१४च्या लास वेगसच्या प्रदर्शनात एलियनवेअर, गिगाबाइट, झोटॅक, सायबरपॉवर, फाल्कन नॉर्थवेस्ट अशा डझनाहून जास्त कंपन्यांनी आपापले डबे मांडले. सगळ्यात स्वस्त ४९९ डॉलरला, सगळ्यात महाग सहा हजारांच्या घरात. एकाच नावाखाली एवढी तफावत! प्लेस्टेशन ४सारखा कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावायचा तयार गेम-डबा, घेणाऱ्याला एकच प्रश्न असतो, घ्यायचा का नाही. स्टीम मशीन घेणाऱ्याला आधी ग्राफिक्स कार्डांचा अभ्यास करावा लागणार होता, आणि ज्याचा तो अभ्यास झालेला आहे तो स्वतःच पीसी जुळवतो. मग हा डबा नेमका कुणासाठी होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

कामाची वाटणी अशी होती: सिस्टिम व्हॉल्व्ह देणार, डबा त्या त्या कंपनीनं बनवायचा आणि विकायचा, आणि गेम लिनक्सवर आणायचं काम गेम बनवणाऱ्यांनी करायचं. कंट्रोलर परत व्हॉल्व्हचा. अंगठ्याच्या काठ्यांऐवजी दोन गोल ट्रॅकपॅड असलेला तो कंट्रोलर पुन्हा पुन्हा बदलला गेला आणि त्याच्यापायी सगळं लांबलं. तोवर डबे गोदामात ठेवून कोण बसणार? एलियनवेअरनं २०१४च्या शेवटी आपला डबा विंडोज टाकून विकायला काढला. भागीदार त्याच दिवशी निम्मा निघून गेला म्हणायचं.

१० नोव्हेंबर २०१५ला डबे अखेर आले तेव्हा लिनक्सवर चालणारे गेम दीड हजाराच्या आसपास होते. आकडा लहान नाही, पण ज्यांच्यासाठी लोक डबा घेतात ते गेम त्यात नव्हते. जीटीए ५ नव्हता. विचर ३ येणार येणार म्हणून आला नाही. बॅटमॅन अर्खम नाइटचं लिनक्सवर येणं काही महिन्यांतच रद्द झालं. जे गेम होते त्यांतलेही बरेच त्याच मशीनवर विंडोजपेक्षा मंद चालत होते, कारण ते घाईघाईनं, कमी खर्चात लिनक्सवर उतरवलेले होते. गेमवाल्याचं म्हणणं, गिऱ्हाईक दिसू दे मग मेहनत घेतो. गिऱ्हाइकाचं म्हणणं, गेम दिसू दे मग डबा घेतो. आणि व्हॉल्व्ह? ती दोघांना एकमेकांकडे बोट दाखवत मध्ये उभी होती. २०१६च्या जूनपर्यंत स्टीम कंट्रोलर पाच लाख विकले गेल्याचं कंपनीनं सांगितलं. डब्यांचा आकडा तिनं मिरवला नाही.

त्याच वेळी इकडं

समजा २०१५ला एखादा स्टीम मशीन चुकून लातूरला आला असता, तर काय झालं असतं? स्नेही यावर हसतात आणि चार गोष्टी सांगतात. मला त्या कोणत्याही बाजारविश्लेषणापेक्षा मोलाच्या वाटतात.

पहिली, "फुकट" या शब्दाला इथं भाव नव्हता. स्टीमओएस फुकट म्हणजे डबा बनवणाऱ्याचे विंडोज लायसन्सचे पैसे वाचतात, असा अमेरिकेतला हिशोब. आपल्याकडच्या असेंब्लीच्या बाजारात विंडोज लायसन्सविना टाकून देणं सर्रास होतं. गिऱ्हाईक बिलात त्याची ओळही शोधत नसे. जी गोष्ट आधीच कुणी विकत घेत नाही, ती फुकट देऊन तुम्ही कुणाला खूश करणार?

दुसरी, पोरांकडं लायब्ररीच नव्हती. स्टीमचा सगळा डाव असा, की तुमचे विकत घेतलेले गेम खात्यात आहेत, ते आता टीव्हीवर खेळा. इथं गेम यायचे ते मित्राच्या हार्ड डिस्कमधून. "जीटीए भरून द्या" असं म्हणत पोरं दुकानात यायची आणि भरून देण्याचे शंभर-दोनशे रुपये व्हायचे. स्टीमवर रुपयांत किमती दिसायला लागल्या त्याच २०१५च्या अखेरीस, आणि तेव्हाही पैसे भरायचे ते बहुधा कार्डानंच. वडिलांचं कार्ड गेमसाठी मागायची हिंमत किती घरांत होती, ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट लाईनची. जीटीए ५ साधारण ६० जीबीचा. २ एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर तो अखंड उतरवायचा म्हटलं तर पावणेतीन दिवसांहून जास्त, आणि तेही लाईट न जाता, फोनची लाईन न तुटता, महिन्याचा कोटा न संपता. म्हणजे होतच नव्हतं. सध्या १०० एमबीपीएसच्या फायबरवर तोच गेम दीड तासाच्या आत येतो. जिओ सप्टेंबर २०१६ला आलं आणि त्यानंतरच्या वर्षांत हे चित्र कसं पालटलं, हे सगळ्यांनी पाहिलंय.

चौथी गोष्ट टीव्हीची. व्हॉल्व्हच्या कल्पनेतला हॉल म्हणजे सोफा, मोठा पडदा आणि निवांत संध्याकाळ. आपल्याकडं घरात टीव्ही एकच, आणि संध्याकाळी सात ते दहा तो मालिकांचा. मॅच असली तर बाबांचा. पोरांच्या वाट्याला टीव्ही यायचा तो दुपारी, आणि दुपारी लाईट असेलच असं नाही. त्यात २०१५-१६चा तो दुष्काळ. एप्रिल २०१६ला मिरजहून पाण्याची रेल्वे आली ते लातूर त्या वर्षी कसले डबे घेणार होतं! इथं हॉलमधला गेम पुढं जन्मला तो टीव्हीवर नव्हे, मोबाईलवर. पोरगं हॉलमध्येच, सोफ्यावरच, पण मान खाली.

काम स्वतःच्या अंगावर

ऑगस्ट २०१८मध्ये, म्हणजे मेनूतून डबे हटवल्यावर चार महिन्यांनी, व्हॉल्व्हनं प्रोटॉन आणलं. या प्रकरणातली सगळ्यात मोठी घटना हीच, आणि तिचा ना प्रदर्शनात गाजावाजा झाला ना तीन दिवसांच्या घोषणा.

प्रोटॉन काय करतं ते सोप्या शब्दांत असं. विंडोजसाठी लिहिलेला गेम पावलोपावली सिस्टिमकडं काहीतरी मागत असतो: ही फाईल उघड, हा आवाज वाजव, हा त्रिकोण पडद्यावर काढ. मागणी विंडोजच्या पद्धतीनं केलेली असते, त्यामुळं लिनक्सला ती कळत नाही. वाइन नावाचा प्रकल्प १९९३पासून या मागण्यांना लिनक्सवर उत्तरं द्यायचं काम करतोय. अडचण चित्रांची होती. गेम चित्र मागतो मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीच्या पद्धतीनं, आणि त्याचं रूपांतर मंद व्हायचं. २०१६ला व्हल्कन ही नवी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली ग्राफिक्स पद्धत आली. त्यावर एका डेव्हलपरनं डीएक्सव्हीके हा दुवा लिहायला घेतला, जो डायरेक्टथ्रीडीची मागणी व्हल्कनमध्ये बदलून देतो, आणि तेही चांगल्या वेगानं. व्हॉल्व्हनं त्या डेव्हलपरला पैसे दिले, वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्स या कंपनीला सोबत घेतलं, आणि हे सगळं स्टीमच्याच आत बसवून टाकलं. गिऱ्हाइकानं फक्त इन्स्टॉल दाबायचं. सुरुवातीच्या यादीत २७ गेम होते.

वाटणी कशी उलटली बघा. २०१५ला व्हॉल्व्ह गेम बनवणाऱ्यांना म्हणत होती, तुम्ही लिनक्सवर या. २०१८ला म्हणाली, तुम्ही आहात तिथंच राहा, आणायचं ते आम्ही आणतो. गेमवाल्याला एक पैसा खर्च नाही, गिऱ्हाइकाला आधी घेतलेले गेम चालतात, आणि नाही चालला तर दोष प्रोटॉनचा, म्हणजे व्हॉल्व्हचा. तक्रारीला पत्ता मिळाला.

यंत्राचंही तसंच झालं. फेब्रुवारी २०२२मध्ये आलेला स्टीम डेक व्हॉल्व्हनं स्वतः बनवला आणि स्वतः विकला. डझनभर कंपन्या नाहीत, डब्यांचे शेकडो प्रकार नाहीत. एकच एएमडीची चिप, १६ जीबी रॅम, किंमत ३९९ डॉलरपासून पुढं. सिस्टिम डेबियनऐवजी आर्च या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर नव्यानं उभारलेली. शिवाय व्हॉल्व्हनं एकेक गेम तपासून त्यावर शिक्का मारायला सुरुवात केली: पूर्ण तपासलेला, थोडं सांभाळून चालणारा, न चालणारा, अजून न पाहिलेला. हे काम कंटाळवाणं आणि न संपणारं आहे, म्हणूनच २०१५ला ते कुणी केलं नव्हतं.

एक बारकावा मराठवाड्यातल्या माणसाला विशेष भावेल. स्टीमओएसच्या नव्या रूपात सिस्टिमच्या दोन प्रती डिस्कवर असतात. अपडेट येतं ते बंद असलेल्या प्रतीवर उतरतं. नीट उतरलं तरच पुढच्या वेळी मशीन त्या प्रतीवरून सुरू होतं. मध्येच काही बिघडलं तर जुनी प्रत जशीच्या तशी शाबूत. चालू सिस्टिमच्या मूळ फाईली वापरणाऱ्याला सहजी बदलताही येत नाहीत. व्हॉल्व्हनं हे केलं ते बॅटरी संपण्याच्या, अपडेट फसण्याच्या भीतीनं. पण "अपडेट चालू असताना लाईट गेली" हे वाक्य ज्यानं काउंटरवर हजारदा ऐकलंय, त्याला याची किंमत अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या व्हॉल्व्हच्या कचेरीत बसलेल्या इंजिनियरपेक्षा जास्त कळते.

खतवाल्यांचा हॉल

आता प्रत्यक्ष कोटेशन. २०२५च्या दिवाळीनंतर लातूरमधले खत-बियाण्यांचे एक व्यापारी स्नेह्यांच्या दुकानात आले. थोरला मुलगा पुण्याहून शिक्षण संपवून परत आलेला, त्याच्या स्टीम खात्यावर सेलमध्ये, यूपीआयनं थोडे थोडे करून घेतलेले बरेच गेम. धाकटा बारावीला. (लातूरला नीट परीक्षेच्या वर्षी घरात गेमचा डबा आणायला वडील तयार कसे झाले, हा वेगळाच अभ्यासाचा विषय आहे. आईची अट होती म्हणे: क्लासच्या टेस्टला मार्क दिसले तरच रविवारी.) वडिलांच्या अटी तीन. "बटन दाबलं की टीव्हीवर चालू व्हायला पायजे. सोफ्यावर कीबोर्ड-माउस लोळताना दिसू नये. आन् लाईट गेली म्हणून दर खेपेला मला तुमच्याकडं डबा घेऊन यायला लावू नका."

या तिन्ही अटी म्हणजे कन्सोलची व्याख्या आहे. म्हणून पहिलं नाव प्लेस्टेशन ५चंच निघालं. ते बाद झालं थोरल्यामुळं: त्याचे स्टीमवरचे गेम त्यावर चालणार नाहीत, तेच गेम परत घ्यायचे तर नवा मोठा गेम चार-पाच हजारांना. दुसरं, विंडोज ११चा डबा. सगळं चालतं, पण टीव्हीखाली तो डबा शेवटी ऑफिसचा कॉम्प्युटरच राहतो. पिन टाका, खिडकी बंद करा, अपडेटची सूचना, मग कुठंतरी माउसचा बाण शोधा. आधी असे डबे बसवून दिलेल्या घरांतून येणारे फोन स्नेह्यांना पाठ होते: "मालक, टीव्हीवर काहीतरी इंग्रजीत आलंय, ओके दाबू का?"

तिसरा पर्याय, स्टीमओएसच्या धर्तीवरची सिस्टिम. व्हॉल्व्हची मूळ स्टीमओएस २०२५मध्ये मुख्यतः डेकसाठी आणि लेनोव्होच्या लीजन गो एससारख्या हातातल्या यंत्रांसाठी होती. कुठल्याही असेंबल केलेल्या पीसीवर टाका असं व्हॉल्व्ह म्हणत नव्हती. म्हणून बॅझाइट ही सिस्टिम घेतली. फेडोरा लिनक्सवर बांधलेली, फुकट, चालू केली की सरळ स्टीमचा टीव्हीसाठीचा पडदा दाखवणारी, आणि अपडेट फसलं तर मागच्या प्रतीवर परत जाणारी. या वेळी "फुकट" शब्दाला किंमत आली, पण लायसन्सच्या वाचलेल्या पैशांमुळं नव्हे. स्नेह्यांचा हिशोब फोनचा होता. डबा विकून जे सुटतं ते चार वेळा घरी चक्कर मारली की संपतं.

पण यात एक अडचण निघाली. दुकानात एन्व्हिडिया कंपनीची जुनी ग्राफिक्स कार्डं पडून होती आणि तीच खपवायचा मोह होता. टीव्हीच्या पडद्याची ही पद्धत एएमडीच्या कार्डावर जेवढी सुरळीत चालते तेवढी एन्व्हिडियावर चालत नाही, कारण एएमडीचा लिनक्सवरचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, खुला आहे आणि व्हॉल्व्हनं स्वतः त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. शेवटी सिकंदराबादच्या सीटीसी मार्केटमधून एएमडीचं आरएक्स ६६०० कार्ड मागवलं. एक मर्यादा मात्र होती: एएमडीचा खुला ड्रायव्हर एचडीएमआय २.१ची, म्हणजे टीव्हीला जोडायच्या तारेच्या नव्या पद्धतीची, सगळी क्षमता वापरू शकत नव्हता, कारण एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं २०२४मध्ये त्याला परवानगी नाकारली. म्हणून ४केवर सेकंदाला १२० चित्रं (१२० हर्ट्झ) पूर्ण रंगांसह मिळत नव्हती. खतवाल्यांचा टीव्ही ४३ इंची, ६० हर्ट्झचा. प्रश्नच मिटला.

डबा द्यायच्या आधी स्नेह्यांनी अपडेट चालू असताना भिंतीवरचं बटन बंद केलं. परत लावलं. जुन्या प्रतीवरून निमूट सुरू झाला. मग घरी बसवताना टीव्ही युनिटचं काचेचं दार काढायला लावलं. शोकेसमध्ये बंद करून ठेवलेला डबा मे महिन्यात काय करेल, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

जे चालत नाही

थोरल्याचे बहुतेक गेम चालले. अडलं ते धाकट्याचं. त्याला हवा होता व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम, आणि तो या डब्यावर चालत नाही, चालण्याची शक्यताही नाही. या गेमचा व्हॅनगार्ड नावाचा, खेळातली चोरी म्हणजे चीटिंग पकडणारा भाग मशीन सुरू होतानाच विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो. प्रोटॉन गेमच्या मागण्यांना उत्तरं देतं. विंडोजचा गाभा ते पुरवू शकत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या चीटिंग पकडणाऱ्या दोन प्रचलित प्रणालींनी २०२१मध्ये प्रोटॉनसाठी वाट ठेवली, पण ती उघडायची का नाही हे गेम बनवणारा ठरवतो. फोर्टनाइटनं उघडली नाही. एपेक्स लेजंड्सनं उघडली होती आणि २०२४च्या अखेरीस, लिनक्सवरून चोऱ्या होतात म्हणून, परत बंद केली. म्हणजे २०१५चा पेच पूर्ण सुटलेला नाही. एकट्यानं खेळायच्या गेमचं काम व्हॉल्व्हनं अंगावर घेतलं. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमचं काम अजून समोरच्याच्या मर्जीवर आहे, आणि नेमके तेच गेम आपल्याकडच्या पोरांना लागतात. ऑक्टोबर २०२५च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांपलीकडं गेला. तीन टक्के गिऱ्हाइकांसाठी किती गेमवाले आपली भूमिका बदलतील? मला फारशी आशा वाटत नाही.

व्हॅलोरंटचं धाकट्याला आधी सांगितलेलं होतं. आतल्या खोलीतला जुना विंडोज पीसी त्यानं त्यासाठी ठेवला. फुटबॉलच्या एका गेमबद्दलही सांगितलं होतं, पण तोंडी. महिन्याभरात वडिलांचा फोन आलाच: "फुटबॉल चालंना, तुम्ही तर म्हणला व्हता सगळं चालतंय." आता स्नेही कोटेशनच्या मागच्या बाजूला, मराठीत, न चालणाऱ्या गेमची नावं लिहून गिऱ्हाइकाची सही घेतात. व्हॉल्व्हनं डेकसाठी मारलेल्या शिक्क्यांचंच हे घरगुती रूप, फक्त जास्त स्पष्ट.

नोव्हेंबर २०२५ला जाहीर झालेला नवा स्टीम मशीन साधारण सोळा सेंटिमीटरचा ठोकळा आहे: एएमडीचा सहा कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्ससाठी वेगळी ८ जीबी मेमरी. २०२६च्या सुरुवातीला आणू असं त्या वेळी कंपनीनं सांगितलं, किंमत सांगितली नाही; कन्सोलसारखा तोट्यात विकणार नाही, पीसीच्या हिशोबानंच किंमत राहील, एवढं मात्र स्पष्ट केलं. खतवाल्यांच्या थोरल्यानं ती बातमी दाखवून विचारलं, थांबायला पाहिजे होतं का. स्नेह्यांचं उत्तर सरळ होतं. डेक भारतात अधिकृतपणे कधी विकलाच गेला नाही, जो येतो तो कुणीतरी बाहेरून आणलेला, वॉरंटीविना. नवा डबा तसाच आला तर फोन परत लातूरलाच येणार, आणि ज्या डब्याचा पंखासुद्धा इथं मिळत नाही त्याचा फोन घेऊन ते करणार काय?

त्यानंतर उदगीरहून एकजण तशाच डब्यासाठी आले. घरी एन्व्हिडियाचं कार्ड पडलेलं, तेच वापरायचं म्हणाले, शिवाय मुलगा दिवसरात्र व्हॅलोरंट खेळणारा. वर्षअखेरीस रॅमचे भाव असे चढले होते, की कोटेशन दोन दिवसांपलीकडं धरता येत नव्हतं. त्यांना स्नेह्यांनी विंडोज ११ टाकून दिलं, लायसन्स लावून, आणि एक बिनवायरचा छोटा कीबोर्ड सोबत दिला.